उचल म्हणजे करार नव्हे!

दसरा-दिवाळी आटोपली की बीड जिल्ह्यातील वाड्या-तांडे ओस पडतात. माणसे पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला जातात. मुकादम उचल देतो ती नवऱ्याच्या हाती. कामाला मात्र नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरला जातो. बाई ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहून गाडी भरते. वहीत तिचे नाव नसते. खाडा झाला तर दंड मात्र कापला जातो. गर्भाशय काढलेल्या ऊसतोड स्त्रियांची व्यथा २०१९ साली उघड झाली. तिच्या मुळाशी या दंडाची धास्तीही होती.

काम हंगामी म्हणून हक्कही हंगामी काय? असा आमचा सवाल आहे. बाबासाहेबांच्या संविधानातील कलम २३ वेठबिगारीला मनाई करते. एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनाहून कमी मजुरी म्हणजे सक्तीचे श्रमच, असा निर्वाळा दिला. उचल फिटली नाही म्हणून मजुराला कामाला जखडून ठेवणे १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे.

म्हणून आम्ही म्हणतो, भरती कारखान्याने स्वतःच्या नावाने, लेखी कराराने करावी. दर, मुदत, सुट्टी त्यात नमूद असावी. स्त्रीचे नाव स्वतंत्र असावे, मजुरी तिच्या खात्यात जमा व्हावी. आणि कोयते गावातून निघण्यापूर्वीच आपल्या कार्यकर्त्यांनी वस्तीवर जाऊन हा कायदा समजावून सांगावा. हंगाम संपल्यावर काढलेल्या मोर्चाने बुडालेली मजुरी क्वचितच हाती येते.