चेन्नईत आलात, तर कुठे आणि काय खाल?



मागच्या काही भागांत प्रवासाची तयारी, तिकिटं, लॉज यांवर बोलून झालं. आजचा विषय पोटाचा. फौजेत कुठलीही तुकडी नव्या ठिकाणी पोचली की तंबू ठोकण्याआधी लंगरची जागा ठरते, कारण माणूस दोन रात्री कमी झोपून चालवून घेतो, पण दोन दिवस नीट जेवला नाही की त्याचं डोकं चालत नाही. हाच नियम चेन्नईत येणाऱ्या मराठी माणसाला लावा.

मी राहतो नुंगंबाक्कममध्ये. इथल्या कॉलेज रोडवर शंकर नेत्रालय आहे. डॉ. बद्रिनाथ यांनी 1978 साली ते सुरू केलं. जवळच ग्रीम्स रोडवर 1983 सालचं अपोलो रुग्णालय आहे. त्यामुळे बेळगाव, सोलापूर, नांदेड, नागपूर, इंदूर, बडोदा अशा सगळ्या बाजूंनी मराठी माणसं या भागात येतात. ती फिरायला आलेली नसतात. आईचा मोतीबिंदू, वडिलांचं हृदय, लहान मुलाचा डोळा अशी काळजी बरोबर घेऊन आलेली असतात. आठ-पंधरा दिवस राहायचं असतं. भाषा येत नाही, चव ओळखीची नाही, आणि पेशंटला तर वेळेवर खायला घालायचंच असतं.

एक उदाहरण सांगतो. सांगली जिल्ह्यातले एक निवृत्त शिक्षक डोळ्याच्या ऑपरेशनसाठी इथे आले होते. भाकरी मिळेना, सांबार नको वाटे, म्हणून दोन दिवस चहा-बिस्किटांवर काढले. मधुमेहाची गोळी मात्र नेमाने चालू. तिसऱ्या दिवशी लॉजवर साखर खाली गेली, घाम फुटला, हातपाय थरथरले. वेळीच साखरपाणी दिलं म्हणून निभावलं, पण ऑपरेशन पुढे गेलं आणि मुक्काम वाढला. त्या लॉजपासून दीडशे पावलांवर उत्तम इडली मिळत होती. गोळी घेणाऱ्या पेशंटने जेवण टाळणं किती महागात पडतं ते यावरून कळेल.

तर आता क्रमाने घेऊ.

पहिली गोष्ट, घड्याळ. चेन्नईत काय मिळेल हे वेळेवर ठरतं. सकाळी सहा-सातपासून ‘टिफिन’ असतो. टिफिन म्हणजे डबा नव्हे. इडली, वडै, पोंगल, डोसा, पुरी यांना इथे टिफिन म्हणतात. साधारण अकरा ते तीन ‘मील्स’, म्हणजे भाताचं पूर्ण जेवण. दुपारी तीन-चारनंतर पुन्हा टिफिन, तो रात्रीपर्यंत. बऱ्याच ठिकाणी ऐन दुपारी डोसा मिळत नाही आणि रात्री आठला थाळी मिळत नाही. मग आपली माणसं म्हणतात, ‘हॉटेलवाला नाही म्हणाला.’ तो नाही म्हणत नाही, वेळ चुकलेली असते. जगात पुष्कळ शहरांत असंच असतं. मेक्सिको सिटीत सकाळी तमाले, दुपारी ‘कोमिदा कोरिदा’ नावाची स्वस्त ठरलेली थाळी आणि रात्री टाको. तिथेही वेळ पाळणारा माणूस चांगलं आणि स्वस्तात जेवतो.

दुसरी गोष्ट, सकाळचं खाणं. पेशंटसाठी इडली आणि इडियाप्पम सर्वांत सुरक्षित. इडियाप्पम म्हणजे तांदळाच्या वाफवलेल्या शेवया. वेण पोंगल म्हणजे आपली मऊ मूगडाळ खिचडीच समजा, पण त्यात तूप भरपूर आणि अख्खी मिरी असते. हृदयाच्या पेशंटने तूप कमी घालून मिळतं का ते विचारावं, नाहीतर इडलीच घ्यावी. सांबार तिखट वाटलं तर नारळाची पांढरी चटणी घ्या. इडलीबरोबर मिळणारी ‘पोडी’ म्हणजे डाळी-मिरचीची सुकी चटणी, तिच्यावर तिळाचं तेल घालतात. आपल्या शेंगदाण्याच्या चटणीची सवय असलेल्याला ती लगेच आवडते.

तिसरी गोष्ट, दुपारचं पान. इथे मराठी माणसाला परकं वाटायचं कारणच नाही, कारण क्रम आपलाच आहे. केळीच्या पानाचं टोक डाव्या हाताला. आपण वरण-भातापासून ताक-भातापर्यंत जातो, हे लोक डाळ-तूप किंवा सांबार-भात, मग रसम-भात आणि शेवटी दही किंवा ताक-भात असे जातात. ‘पोरियल’ म्हणजे नारळ घातलेली कोरडी भाजी, ‘कूटु’ म्हणजे डाळ घातलेली दाटसर भाजी, ‘अप्पळम’ म्हणजे पापड, ‘पायसम’ म्हणजे खीर. ‘वत्तकुळंबू’ हा चिंचेचा दाट रस्सा असतो. तो फार आंबट-तिखट लागतो, पेशंटला देऊ नका. जेवण झालं की पान आपल्याकडे दुमडायचं.

मधुमेह असलेल्यांनी इथे खास लक्ष द्यावं. वाढपी थांबत नाही, भाताचा डोंगर करतो. तीन वेळा तांदूळच पोटात गेला तर साखर चढणारच. म्हणून ‘लिमिटेड’ किंवा ‘मिनी मील्स’ मागा, भात अर्धा ठेवा, पोरियल आणि कूटु दुसऱ्यांदा घ्या. संध्याकाळी बऱ्याच हॉटेलांत चपाती-कुर्मा मिळतो. पथ्य काय ते डॉक्टर सांगतील, ते हॉटेलात कसं पाळायचं एवढंच मी सांगतोय. आणि ऑपरेशनआधी उपाशी राहायला सांगितलं असेल, तर त्या सकाळच्या गोळ्यांचं काय करायचं हे आदल्या दिवशीच विचारून ठेवा.

चौथी गोष्ट, कुठे जायचं. नुंगंबाक्कममध्ये सरवणा भवन, संगीता, अड्यार आनंद भवन या घराण्यातली शाकाहारी हॉटेलं चालत किंवा रिक्षाने गाठता येतात. सरवणा भवन 1981 साली के. के. नगरमध्ये सुरू झालं आणि आज परदेशातही पोचलं आहे. या साखळ्यांचा फायदा हा की चव आणि स्वच्छता साधारण सारखी असते, आणि मेनूकार्ड वाचता येतं. पेशंट बरोबर असेल तर इथेच जा.

पेशंट आराम करतोय आणि तुमच्या हाताशी दोन तास आहेत, तर थोडं लांब जा. तिरुवल्लिक्केणीत, म्हणजे ट्रिप्लिकेनमध्ये, रत्ना कॅफे आहे. 1948 सालचं. तिथे इडली सांबारात अक्षरशः बुडवून देतात. मैलापूरला कपालीश्वराच्या देवळाजवळ कर्पगांबाळ मेस आहे, आणि एका अरुंद बोळात रायर मेस. रायर मेसला सकाळी लवकर जायचं, उशीर केला तर पदार्थ संपलेले असतात. त्यागराय नगरला, म्हणजे टी. नगरला, मुरुगन इडली शॉप आहे. मूळ मदुराईचं. तिथली इडली कापसासारखी असते. टी. नगरसाठी नुंगंबाक्कम स्टेशनवरून लोकल पकडा, कोडंबाक्कम सोडून पुढचं मांबलम स्टेशन. रिक्षाच्या भाड्यापेक्षा कितीतरी कमी खर्च.

मांसाहारी मंडळींसाठी माउंट रोडवर 1951 सालचं बुहारी आहे. ‘चिकन 65’ हा पदार्थ इथेच जन्मला असं सांगतात. रायपेट्टाचं पोन्नुसामी हे चेट्टिनाड पद्धतीच्या जेवणासाठी जुनं नाव, मसाला मात्र झणझणीत. बिर्याणी खायची तर दिंडिगुल किंवा आंबूर पद्धतीची घ्या. दिंडिगुलच्या बिर्याणीत बासमती नसतो, ‘सीरग सांबा’ नावाचा जिऱ्याएवढा बारीक तांदूळ असतो. कोकणातल्या माणसाने माशांची नावं पाठ करावीत. वंजरम म्हणजे सुरमई, वव्वाल म्हणजे पापलेट, एराल म्हणजे कोळंबी, नंडु म्हणजे खेकडा, सुरा म्हणजे मोरी. एवढं कळलं की मेनूकार्ड परकं राहत नाही.

पैसे मोजके असतील तर ‘अम्मा उणवगम’ लक्षात ठेवा. चेन्नई महापालिकेने 2013 साली ही स्वस्त उपाहारगृहं सुरू केली. तेव्हा इडली एक रुपयाला, सांबार-भात पाच रुपयांना आणि दही-भात तीन रुपयांना होता. काही सरकारी रुग्णालयांच्या आवारातही ती आहेत. तिथे रांगेत उभं राहायला संकोच करू नका, इथले कष्टकरी रोज तिथेच जेवतात.

आता घरच्या चवीबद्दल. तंजावरला 1676 च्या सुमारापासून 1855 पर्यंत मराठ्यांचं राज्य होतं. पावणेदोनशे वर्षांत फक्त तलवारी आल्या नाहीत, स्वयंपाकघरंही आली. ‘रसवांगी’ नावाची वांग्याची भाजी इथे करतात. तमिळमध्ये वांग्याला कत्तरिक्काय म्हणतात, मग हे ‘वांगी’ कुठून आलं ते वेगळं सांगायला नको. तंजावरी मराठी घरांत उडदाच्या पिठाची डांगर पचडी अजून होते, आपल्या डांगराची ती बहीणच. सांबार हे नाव संभाजीराजांवरून पडलं, तंजावरच्या शाहजीराजांच्या मुदपाकखान्यात आमसुलाऐवजी चिंच पडली, अशी गोष्ट सांगतात. ऐकायला छान आहे, पण ठोस पुरावा नाही, तेव्हा दंतकथा म्हणूनच सांगा. पुरणपोळीची आठवण आली तर ‘परुप्पु पोळी’ मागा, पश्चिम मांबलममध्ये तव्यावरची गरम मिळते. आणि भाकरीच हवी असेल, तर ती हॉटेलात शोधत वेळ घालवू नका. उन्हाळ्यात गाड्यांवर ‘कूळ’ मिळतं, म्हणजे बाजरीची किंवा नाचणीची आंबील. निरोगी माणसाने जरूर प्यावं, पेशंटला मात्र रस्त्यावरचं काही देऊ नये.

पिण्याबद्दल थोडक्यात. पाणी बाटलीबंद किंवा उकळलेलंच. शहाळ्याला ‘एळनीर’ म्हणतात, ते समोर फोडून घ्या. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पिऊ नका. फिल्टर कॉफी डवरा-टंबलरमध्ये येते. वाटीतून पेल्यात ओतत थंड करायची. साखर बहुधा आधीच घातलेली असते, म्हणून नको असेल तर ऑर्डर देतानाच सांगा.

त्यासाठी हे सहा-सात शब्द वहीत लिहून घ्या. सापाडु म्हणजे जेवण. तण्णी म्हणजे पाणी, सुडु तण्णी म्हणजे गरम पाणी. कारम म्हणजे तिखट, ‘कारम कम्मी’ म्हणजे तिखट कमी. ‘सक्करै वेंडाम’ म्हणजे साखर नको. ‘पोदुम’ म्हणजे पुरे, हा शब्द भात वाढणाऱ्यासाठी फार उपयोगी. ‘एव्वळवु’ म्हणजे किती झाले. वाढप्याला ‘अण्णा’ म्हणा, बाई असेल तर ‘अक्का’. इथे हिंदीत आवाज चढवून काम होत नाही. ‘अण्णा, कारम कम्मी’ एवढं हसून म्हटलंत, तर तो आत जाऊन पेशंटसाठी वेगळा रसम-भात करून आणेल. हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

शेवटी, घरून काय आणायचं? मेतकूट, थोडी चटणी, लिंबाचं लोणचं आणि लाडू. इथल्या मऊ भातावर मेतकूट आणि तूप पडलं की आजारी माणूस चार घास जास्त खातो. बाकी सगळं चेन्नई देईल. बरोबर आलेल्यांनाही एक सांगणं आहे. पेशंटजवळ बसून स्वतः उपाशी राहू नका, पाळीपाळीने जेवायला जा. पहारा बदलतो तसं. सेवा करणाराच आडवा झाला, तर परक्या शहरात दोघांकडे कोण बघणार?

पुढच्या भागात रुग्णालयाजवळचा लॉज किंवा स्वयंपाकघर असलेली खोली कशी निवडायची ते पाहू. तोवर वेळेवर जेवा. जय हिंद.