साथीनंतरचं गाव (भाग ६) : ही धाप वयाची नव्हे

पिशोरच्या शिवारात अद्रक काढणी सुरू झाली की बायांची टोळी बेडच्या कडेनं बसते. गड्डे उपसायचे, माती झटकायची, मुळ्या खुडायच्या आणि भरलेली टोपली बांधावर नेऊन ओतायची. गेल्या हंगामात अशाच एका शेतात पन्नाशीच्या एक मावशी अर्ध्या वाटेत टोपली ठेवून खाली बसल्या. दोन्ही हात गुडघ्यांवर, तोंड उघडं. मी पाणी पुढं केलं. "काही नाही, वय झालं," म्हणाल्या. दम खाऊन झाल्यावर हळूच म्हणाल्या, "कोरोना झाला तवापासून असंच व्हायलंय." दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या एप्रिलमध्ये, त्या आजारी पडल्या होत्या. इतक्या वर्षांत एकाही डॉक्टरला त्यांनी हे सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं.

आजचा भाग त्या खाली बसण्याबद्दल आहे.

हा विषाणू का जात नाही, ते मागच्या भागात पाहिलं. तो रूप बदलत राहतो, आणि लस किंवा आजार यांतून मिळालेली संसर्गापासूनची राखण काही महिन्यांत ओसरते. मात्र जीवघेण्या आजारापासूनची राखण पुष्कळ जास्त टिकते, म्हणून आज बहुतेकांचं सर्दी-खोकल्यावर भागतं. आपल्या मातीला हे नवं नाही. १९१८ च्या तापाला महाराष्ट्रात लोक 'मानमोडी' म्हणत. देशात एक कोटीहून अधिक माणसं त्यात गेली. १९११ ते १९२१ या दशकात भारताची लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटली, त्याचं मोठं कारण हीच साथ. तो विषाणू नाहीसा झाला नाही, त्याचे वंशज पुढं हंगामी ताप होऊन राहिले. २००९ साली पुण्यात स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू झाला तेव्हा शाळा बंद झाल्या होत्या, तोंडाला रुमाल लागले होते. तोच विषाणू आता दरवर्षी फिरतो आणि त्याची बातमी आतल्या पानावर येते. कोरोनाही त्याच वाटेनं चालला आहे. आपल्या जिल्ह्यात पहिला रुग्ण सापडला मार्च २०२० मध्ये. जागतिक आरोग्य संघटनेनं आणीबाणी उठवली ५ मे २०२३ रोजी. उठली ती आणीबाणी. आजार राहिला. २०२५ च्या मे-जूनमध्ये राज्यात रुग्ण पुन्हा वाढले, ते आपण पाहिलंच.

पण गावानं कोरोना 'गेला' असं धरलं, आणि त्यामुळं त्यानं मागं ठेवलेलं दुखणं बेवारस झालं. कोरोना झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत सुरू झालेला, किमान दोन महिने टिकलेला आणि दुसरं कुठलंही कारण न सापडणारा त्रास म्हणजे लाँग कोविड, अशी जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या आहे. धाप, न उतरणारा थकवा, छातीत धडधड, झोप उडणं, विसरायला होणं ही त्याची नेहमीची रूपं. काहींच्या फुफ्फुसावर वण राहतात. काहींची फुफ्फुसं चांगली असतात, पण उभं राहिलं की नाडी भरधाव पळते. या सगळ्याचं एकच कारण अजून हाती लागलेलं नाही, आणि एका गोळीनं बरं करणारा उपायही नाही.

'दुसरं कारण न सापडणारा' हे शब्द मला फार महत्त्वाचे वाटतात. मावशींची धाप कोरोनाची असेल, किंवा रक्त कमी असल्याची असेल. हृदयाची असेल, थायरॉइडची असेल. दुसऱ्या लाटेत स्टेरॉइडं दिलेल्या कितीतरी जणांची साखर वाढली होती, तीही नंतर तपासून घ्यायला हवी होती. ही कारणं सापडली तर त्यांवर उपचार आहेत. वयावर ढकललं की तपासणीच होत नाही, आणि बरा होणारा आजारही अंगावर निघतो.

सुरुवात गावातच होते. साखर, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन सरकारी दवाखान्यात तपासून मिळतं. 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत आशाताई घरोघर घेऊन फिरल्या ते बोटाला लावायचं ऑक्सिमीटर अनेक घरांच्या कपाटात पडून आहे. सेल बदला. बसून आकडा बघा, मग सपाटीवर सहा मिनिटं चालून पुन्हा बघा. बोट गार नको, नखाला रंग नको. आकडा तीन-चारनं उतरला तर डॉक्टरांकडं जाच. बसल्या जागीच तो ९४ च्या खाली असेल, किंवा छातीत दुखत असेल, तर चालून बघत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

थकव्याचं वेगळं आहे. या आजारात काही जणांना एक दिवस जास्तीचं काम केलं की पुढचे दोन-तीन दिवस उठवत नाही. त्यांना 'चालत राहा, अंग मोकळं होईल' असं सांगणं चुकीचं आहे. शक्ती संपायच्या आत थांबावं लागतं. हा सल्ला देणं सोपं, पण मजुरीवर चूल पेटणाऱ्या बाईनं तो पाळायचा कसा? त्या दिवशी टोळीतल्या बायांनीच वाट काढली. मावशींनी बसून मुळ्या खुडायच्या, टोपली दुसरीनं उचलायची, मजुरी तीच. शेतमालकही कबूल झाला. मोठ्या शहरातल्या कचेऱ्यांना जे अजून जमलेलं नाही ते त्या बांधावर पाच मिनिटांत ठरलं, याचं मला मनापासून कौतुक आहे.

पुढच्या लाटाही येतील, बहुधा लहान. घरात म्हातारं माणूस, साखरेचा रुग्ण किंवा गरोदर सून असेल तर खोकला असलेल्यानं मास्क लावावा, वेगळं निजावं, खिडकी उघडी ठेवावी. लग्नाला एक माणूस कमी गेला तर चालतं.

मावशींना मी जे सांगितलं तेच वाचकांनाही सांगतो. रेशनकार्डाच्या पिशवीत २०२०-२१ चे दवाखान्याचे कागद असतील, तर ते जपून ठेवा. डॉक्टरांकडं जाताना सोबत न्या, आणि विचारलं नाही तरी सांगा, की मला कोरोना झाला होता आणि त्रास तेव्हापासून आहे.