सभासद गप्प झाला म्हणून खातं उडवायचं?

२०१३ च्या जूनमध्ये याहूने एक घोषणा केली. वर्षभर न वापरलेले याहू आयडी मोकळे करून, जो मागेल त्याला ते देण्यात येणार होते. जुन्या मालकाला आपलं नाव राखायचं असेल, तर त्याने १५ जुलैपर्यंत एकदा लॉगिन करायचं, बस्स. कंपनीची अडचण खरी होती. सुटसुटीत नावं केव्हाच संपली होती आणि नव्याने येणाऱ्याला आपल्या नावापुढे जन्मसाल नाहीतर चार आकडे चिकटवावे लागत होते. मुदत संपली, नावांचं वाटप झालं आणि सप्टेंबरात बातम्या येऊ लागल्या, की नव्या मालकांच्या इनबॉक्समध्ये जुन्या मालकांचे मेल येऊन पडताहेत. डोळ्यांच्या डॉक्टरकडची अपॉइंटमेंट, मित्राच्या लग्नाचं आमंत्रण, इतर संकेतस्थळांवरच्या खात्यांचा तपशील. शेवटी ‘हा मेल माझा नाही’ असं कळवायचं बटण याहूला द्यावं लागलं.

याहू मोठी कंपनी, म्हणून ते प्रकरण गाजलं. तोच निर्णय लहान प्रमाणात रोज कुठे ना कुठे घेतला जातो. ट्रेकिंग क्लब, माजी विद्यार्थी संघ, ऑनलाइन दिवाळी अंक, परदेशातलं महाराष्ट्र मंडळ, पुस्तकं विकणारं छोटं दुकान, सगळ्यांकडे सभासदांची यादी असते. ती सांभाळणारा हौशी कार्यकर्ता एखाद्या रविवारी ॲडमिन पॅनल उघडतो आणि ‘शेवटचं लॉगिन’ या रकान्यावर क्लिक करून यादी तारखेनुसार लावतो. निम्म्याहून जास्त लोक दोन-दोन वर्षं फिरकलेलेच नाहीत, असं दिसतं. सगळ्यांवर एकदम टिक करून डिलीट दाबायला हात शिवशिवतात. तो मोह आवरावा, असं माझं म्हणणं आहे आणि त्यामागे भावनेपेक्षा व्यवहार जास्त आहे.

रकाना काय सांगत नाही

शेवटच्या लॉगिनची तारीख फक्त लॉगिनची तारीख असते. बहुतेक संकेतस्थळांवर वाचायला लॉगिन लागत नाही. माणूस रोज येतो, वाचतो, जातो; ॲडमिनच्या लेखी तो बेपत्ता. वेबसाइटच्या वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००६ मध्ये एक ढोबळ सूत्र मांडलं होतं: ऑनलाइन समूहातले ९० टक्के लोक नुसते वाचतात, ९ टक्के अधूनमधून काही लिहितात आणि उरलेला १ टक्काच बहुतेक सगळा मजकूर पुरवतो. आकडे जागेनुसार बदलतील, पण मथितार्थ टिकून आहे. गप्प असणं ही सभासदाची सर्वसाधारण अवस्था आहे. तो अपवाद धरून साफसफाई केली, तर श्रोतेच हॉलबाहेर जातात.

शिवाय दोन वर्षं हा काळ सगळ्यांना सारखा नसतो. उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांची शिखरसंस्था असलेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन एरवी दर दोन वर्षांनी भरतं. २०१९ ला ते डॅलसला झालं आणि त्यानंतरचं, कोविडमुळे लांबून, २०२२ मध्ये न्यू जर्सीतल्या अटलांटिक सिटीला. समजा, एखाद्या मंडळाच्या संकेतस्थळावर लोक अधिवेशनाच्या नोंदणीपुरतंच लॉगिन करतात आणि तिथे दोन वर्षांचा नियम आहे. मग २०१९ चे झाडून सगळे सभासद २०२१ मध्येच उडाले असते आणि वर्षभराने, नेमकी गरज पडल्यावर, प्रत्येकाला ‘या ई-मेलचं खातं अस्तित्वात नाही’ असं उत्तर मिळालं असतं. दर वेळी नव्याने नाव, पत्ता, फोन भरायला लावणाऱ्या ठिकाणी लोक दुसऱ्यांदा चिकाटी दाखवत नाहीत. माजी विद्यार्थी संघाचं तर विचारूच नका. तिथला सभासद पंचवीस वर्षांनी, बॅचच्या मेळाव्याच्या आदल्या महिन्यात जागा होतो, आणि त्याला शोधून काढण्यासाठीच तर तो संघ असतो.

एक ओळ काढली की

खातं म्हणजे डेटाबेसमधल्या तक्त्यातली एक ओळ. त्या ओळीला एक क्रमांक असतो आणि त्या माणसाने लिहिलेला लेख, दिलेला अभिप्राय, नोंदवलेली ऑर्डर, भरलेली वर्गणी, सगळं त्या क्रमांकाला बांधलेलं असतं. ओळ काढली, की या बांधलेल्या गोष्टींचं काय करायचं हे आधी ठरवावं लागतं. वर्डप्रेसवर सभासद डिलीट करायला गेलं आणि त्याच्या नावावर मजकूर असला, तर समोर एक पान येतं आणि दोन पर्याय विचारतं: याचा सगळा मजकूर पुसून टाकायचा, की तो दुसऱ्या कुणाच्या नावावर करायचा? दोन्ही उत्तरं वाईट आहेत. पहिल्यात दहा वर्षांपूर्वीचा दिवाळी अंक निम्मा रिकामा होतो. दुसऱ्यात एका बाईंनी लिहिलेली कथा संपादकाच्या नावावर दिसू लागते, आणि ती बाईंना दिसली तर त्यांनी काय समजायचं?

नाव मोकळं झालं, की आणखी एक भानगड होते. पुढे येणारा कुणीही तेच युजरनेम घेऊ शकतो. जुन्या चर्चांमध्ये त्या नावाला उद्देशून दिलेली उत्तरं तशीच असतात, त्यामुळे आज आलेला माणूस जुन्या माणसाची पत घेऊन वावरतो. याहूच्या बाबतीत जे मेलमधून घडलं, ते इथे ओळखीच्या बाबतीत घडतं.

विकिपीडियाने हा प्रश्न मुळाशीच सोडवला आहे. तिथलं खातं डिलीट होतच नाही. तिथला मजकूर ज्या परवान्याखाली असतो, त्यात लिहिणाऱ्याला श्रेय देणं बंधनकारक आहे, म्हणून प्रत्येक संपादन कुणाच्या तरी खात्याशी जोडलेलं राहावं लागतं. एखाद्याला खरोखरच निघून जायचं असेल, तर त्याच्या खात्याचं नाव बदलून अनोळखी करतात. संपादनं जागेवर राहतात. मराठी विकिपीडिया २००३ च्या मे महिन्यात सुरू झाला. त्या वेळी चार ओळी लिहून कायमचा निघून गेलेल्या माणसाचं नाव त्या पानाच्या इतिहासात आजही सापडतं.

खर्चाचा बाऊ

‘सर्व्हरवर उगाच ओझं’ हे कारण नेहमी ऐकू येतं. हिशेब करून बघा. नाव, ई-मेल, तारखा आणि पासवर्डचा हॅश एवढा ऐवज एका सभासदामागे असतो. बीक्रिप्ट या प्रचलित पद्धतीत हा हॅश मोजून ६० अक्षरांचा असतो. सगळं मिळून सढळ हाताने एक किलोबाइट धरू. म्हणजे एक लाख सभासदांचे झाले शंभर एमबी. फोनवर काढलेला मिनिटभराचा व्हिडिओ तेवढी जागा सहज खातो. जागा अडते ती फोटो, जोडपत्रं आणि बॅकअपच्या जुन्या प्रतींनी. साफसफाई करायचीच असेल तर तिथून करा.

सुरक्षेचा मुद्दा खरा आहे

जुनी खाती ठेवण्याच्या विरुद्ध एक जोरदार युक्तिवाद आहे आणि तो टाळून चालणार नाही. विसरलेलं खातं चोराच्या सोयीचं असतं. पासवर्ड जुना, तोच दहा ठिकाणी वापरलेला आणि गडबड झाली तर मालकाला पत्ताही नाही. २०१६ मध्ये मायस्पेसच्या सुमारे ३६ कोटी खात्यांचा तपशील बाहेर आला, तेव्हा ते संकेतस्थळ लोकांच्या आठवणीतूनही गेलेलं होतं. २०२२ च्या मे महिन्यात पायथॉन या संगणकभाषेच्या सार्वजनिक भांडारातलं ‘सीटीएक्स’ नावाचं पॅकेज पळवलं गेलं. ते २०१४ पासून तसंच पडून होतं. ज्या डोमेनवर मालकाचा ई-मेल होता, त्या डोमेनची मुदत संपली होती. चोराने ते डोमेन रीतसर पैसे भरून विकत घेतलं, त्यावर मालकाचाच मेल पत्ता तयार केला आणि ‘पासवर्ड विसरलो’ म्हणून दुवा मागवला.

गुगलने २०२३ मध्ये दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती मिटवण्याचं धोरण जाहीर केलं आणि १ डिसेंबरपासून ते अमलात आणलं, तेही सुरक्षेच्याच कारणासाठी. सोडून दिलेल्या खात्यांवर द्विस्तरीय पडताळणी असण्याची शक्यता वापरातल्या खात्यांच्या मानाने किमान दहा पटींनी कमी असते, असं त्यांनी म्हटलं. मात्र मिटवलेल्या खात्याचा जीमेल पत्ता गुगल दुसऱ्या कुणाला देत नाही. म्हणजे माहिती गेली तरी नाव अडवलेलंच राहतं.

या सगळ्याचा अर्थ लावताना एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. खात्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र नांदतात: नाव, प्रवेश आणि माहिती. धोका असतो तो प्रवेशात आणि माहितीत. डिलीटचं बटण तिन्ही गोष्टी एका फटक्यात नेतं. मायस्पेसने फुटलेल्या जुन्या खात्यांचं काय केलं? जून २०१३ च्या आधीच्या त्या खात्यांचे पासवर्ड रद्द केले. चोरीला गेलेला पासवर्ड कुचकामी झाला आणि खातं राहिलं. दुखणं प्रवेशाचं असेल, तर औषधही तेवढ्यापुरतंच पुरतं.

न परतणाऱ्यांचं काय?

काही सभासद गप्प असतात, कारण ते हयात नसतात. ट्विटरने नोव्हेंबर २०१९ मध्ये सहा महिने न वापरलेली खाती काढून टाकण्याचं जाहीर केलं. त्यासाठी ११ डिसेंबरची मुदतही दिली. ज्यांची माणसं गेली होती, ते लोक दिवसभरात पुढे आले. वडिलांचं, मैत्रिणीचं जे लिहिलेलं उरलं होतं, ते त्या खात्यातच होतं आणि लॉगिन करून ते वाचवायला आता कोण येणार? कंपनीने चूक कबूल केली आणि दिवंगतांच्या खात्यांसाठी काही व्यवस्था होईपर्यंत ही मोहीम थांबवली. फेसबुकने अशी व्यवस्था २००९ मध्येच आणली होती आणि २०१५ पासून आपल्यामागे खातं कुणी पाहावं हे नेमून ठेवण्याची सोयही दिली. लहान संकेतस्थळाला इतकं काही करावं लागत नाही. घरच्यांचा मेल आला, की लॉगिन बंद करायचं आणि लेखन ठेवायचं.

कायदा काय म्हणतो

भारताचा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा २०२३ चा आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. इथे संबंधित असलेल्या तरतुदींच्या अंमलबजावणीला १८ महिन्यांची मुदत आहे. किमान २ कोटी नोंदणीकृत वापरकर्ते असलेली ई-कॉमर्स आणि समाजमाध्यमं, तसंच किमान ५० लाखांची ऑनलाइन गेमिंग संकेतस्थळं यांना नियम सांगतो, की वापरकर्ता तीन वर्षं फिरकला नाही तर त्याची व्यक्तिगत माहिती पुसा, आणि पुसण्याच्या किमान ४८ तास आधी त्याला कळवा. पण त्याच नियमात दोन अपवाद आहेत. वापरकर्त्याला आपल्या खात्यात शिरता यावं यासाठी लागणारी माहिती आणि पैसे किंवा वस्तू मिळवून देणारी त्याची शिल्लक टोकन वापरता यावीत यासाठी लागणारी माहिती ठेवता येते. माहिती कमी करा, पण परतीची वाट ठेवा, असंच हे झालं.

आपल्या बँका हेच बऱ्याच काळापासून करतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे दोन वर्षं खातेदाराने व्यवहार केला नाही, की बचत खातं निष्क्रिय ठरतं. त्यावर व्याज मात्र चालू राहतं आणि खातं पुन्हा सुरू करायला शुल्क घेता येत नाही. दहा वर्षांनी रक्कम ठेवीदार शिक्षण आणि जागरूकता निधीत जाते, तरी खातेदार किंवा वारस बँकेकडे ती मागू शकतात. निष्क्रिय हा शेरा आहे, शेवट नाही.

मग करायचं काय?

वर्ष-दोन वर्षं न आलेल्याचा पासवर्ड रद्द करा आणि परतल्यावर नवा घ्यायला लावा. फक्त मेलच्या दुव्यावर विसंबू नका, ‘सीटीएक्स’ तिथेच फसलं. नुसत्या मोबाइल क्रमांकावर लॉगिन देत असाल तर जास्त जपा. आपल्याकडे बंद पडलेला क्रमांक ९० दिवसांनंतर दुसऱ्याला मिळू शकतो आणि मग ओटीपी त्याच्या हातात पडतो. घरचा पत्ता, जन्मतारीख, ओळखपत्राची प्रत यांपैकी ज्याचं काम संपलंय ते काढून टाका. वधूवर सूचक मंडळाने तर लग्न जमल्याचं कळताच फोटो आणि पत्रिका उतरवावी. तिथे वर्षानुवर्षं ठेवणं हाच अपराध.

मेल पाठवण्याची यादी ही निराळी गोष्ट आहे. जो वर्षभर तुमचा मेल उघडत नाही, त्याला पाठवत राहू नका. दिवसाला ५ हजारांवर मेल पाठवणाऱ्यांनी स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्याच्या खाली ठेवाव्यात, असा जीमेलचा दंडक फेब्रुवारी २०२४ पासून आहे आणि सोडून दिलेले काही पत्ते स्पॅम पकडायचे सापळे म्हणून वापरले जातात. यादीतून नाव काढलं म्हणजे खातं काढलं असं होत नाही. बऱ्याच जणांची गल्लत इथेच होते.

उडवायचीच असतील तर अशी खाती भरपूर सापडतील: नोंदणी करून ई-मेलची पडताळणी कधीच न केलेली, एकही शब्द न लिहिता प्रोफाइलमध्ये जुगाराचा दुवा टाकून गेलेली, एकाच आयपी पत्त्यावरून रात्रीत दोनशेच्या संख्येने उघडलेली. त्यांच्यामागे माणूसच नाही. तिथे हयगय नको.

उरलेल्यांपैकी कुणी ‘माझं खातं मिटवा’ म्हणून लिहिलं, तर का, कशाला न विचारता मिटवा. आपली माहिती पुसून मागण्याचा हक्क कायद्याने त्याला दिला आहे. पण हा हक्क त्याचा आहे. दोन वर्षं तो बोलला नाही म्हणून ॲडमिनने तो परस्पर बजावायचा नसतो.