सुरक्षा-संस्कृती
कामाच्या जागी अपघात व व्यावसायिक रोग टाळण्याविषयी मालक आणि कामगार यांची जी समान धारणा व नित्याची वागणूक असते, तिला सुरक्षा-संस्कृती म्हणतात. चेर्नोबिल येथील अणुभट्टीच्या अपघातानंतर (१९८६) आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा अभिकरणाच्या अहवालांतून ही संज्ञा रूढ झाली.

भारतात भोपाळच्या वायुगळतीनंतर (१९८४) कारखाना अधिनियम, १९४८ यात १९८७ मध्ये दुरुस्ती करण्यात आली. तीनुसार धोकादायक प्रक्रियांच्या कारखान्यांत व्यवस्थापन व कामगार यांचे समसमान प्रतिनिधी असलेली सुरक्षा समिती आवश्यक ठरली आणि नजीकचा धोका निदर्शनास आणण्याचा हक्क कामगारांस मिळाला. धोका प्रथम जाणवतो तो यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसास. बोलल्यास काम जाईल अशी त्याला धास्ती असेल, तर नियम कागदावरच राहतात.

शेतीत ही उणीव अधिक जाणवते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. म्हसावद (ता. शहादा, जि. नंदुरबार) परिसरासारख्या कापूस पिकविणाऱ्या भागातही फवारणीचे काम रोजंदारीवर चालते. शेतात सुरक्षा अधिकारी नसतो, समितीही नसते. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने न फवारणे, हातमोजे व मुखपट्टी वापरणे, कामानंतर अंग धुणे आणि मळमळ वाटताच मजुरी न कापता काम थांबवू देणे, या गोष्टी शेतमालकाने स्वतः पाळल्या तरच त्या अंगवळणी पडतात. थोडक्यात टळलेल्या अपघाताचीही मोकळेपणाने चर्चा होत राहिली, म्हणजे ही संस्कृती टिकून राहते.