ठाकुर्लीला फास्ट थांबत नाही

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सकाळी सहाला ठाकुर्लीच्या नव्वद फुटी रस्त्यावर नवेकोरे बूट झपझप चालताना दिसतात. संक्रांतीचे तिळगूळ संपेपर्यंत निम्मे घरी बसलेले असतात. आपण म्हणतो, आळस. पण बऱ्याचदा चूक पायांची नसते, मनात धरलेल्या आकड्याची असते.

गैरसमज : मनावर घेतलं तर महिन्यात दहा किलो उतरतात.

वस्तुस्थिती : एक किलो चरबीत साधारण 7,700 कॅलरी साठलेल्या असतात. दहा किलो चरबी तीस दिवसांत घालवायची तर रोज अडीच हजारांहून जास्त कॅलरींची तूट हवी. अनेकांचं दिवसभराचं खाणंही तेवढं नसतं! पहिल्या आठवड्यात काटा दोन-तीन किलोंनी खाली येतो, तेव्हा त्यात मोठा वाटा पाण्याचा असतो. मग काटा अडतो आणि माणूस हिरमुसतो. आठवड्याला अर्धा किलो हा बऱ्यापैकी वेग झाला. पुढे तोही मंदावतो, कारण हलक्या शरीराला ऊर्जा कमी लागते. सहा महिन्यांत वजनाच्या 5 ते 10 टक्के, म्हणजे 80 किलोच्या माणसानं 4 ते 8 किलो, हे झेपणारं ध्येय. ठाकुर्लीला फास्ट लोकल थांबत नाही, तरी आपण रोज मुंबई गाठतोच.

गैरसमज : चार-पाच किलोंनी काय फरक पडणार?

वस्तुस्थिती : अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या 3,234 जणांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष 2002 मध्ये आले. एका गटाला 7 टक्के वजन घटवायचं आणि आठवड्याला 150 मिनिटं व्यायाम करायचा, एवढंच ध्येय दिलं होतं. सरासरी साडेपाच किलोंच्या आसपासच उतरले, पण मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिन गोळी घेणाऱ्या गटात ही घट 31 टक्के होती.

गैरसमज : चालून आलं की वडापाव माफ.

वस्तुस्थिती : सत्तर किलोचा माणूस साडेचार किलोमीटर चालला तर दोनशेच्या आसपास कॅलरी खर्च होतात. एका वडापावात अडीचशे ते तीनशे असतात. वजन उतरवण्याचं मुख्य काम स्वयंपाकघरात होतं, उतरलेलं टिकवायला चालणं लागतं.

घरात महिन्याला तेल किती लागतं, ते एकदा मोजा. चौघांत चार लिटर म्हणजे माणशी रोज जवळपास 30 ग्रॅम, त्यातून 270 कॅलरी. फोडणीत हात आखडून हे तीन लिटरवर आणलं, तर कुणाच्या ताटातली पोळी न काढता माणशी रोज सत्तरएक कॅलरी कमी होतात.

गैरसमज : लोकलच्या धावपळीत व्यायामाला वेळच नाही.

वस्तुस्थिती : प्रौढांनी आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम करावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तो सलग असण्याची अट नाही. रिक्षा सोडून स्टेशनपर्यंत पंधरा मिनिटं झपझप चाला, येताना पंधरा. पाच दिवसांत 150 झाली. जोडीला आठवड्यातून दोनदा उठाबशा, भिंतीला टेकून जोर असं काही करा, म्हणजे चरबीबरोबर स्नायू फारसे झिजत नाहीत. नुसत्या क्रंचेसनी मात्र पोट उतरत नाही. चरबी कुठून जायची, ते शरीर ठरवतं.

गैरसमज : दीक्षित की दिवेकर, एकच बरोबर.

वस्तुस्थिती : डॉ. जगन्नाथ दीक्षित दिवसातून दोनदाच जेवायला सांगतात, ऋजुता दिवेकर थोड्या थोड्या वेळानं खायला. यावरून महाराष्ट्रात घराघरांत तट पडले. खाण्याच्या वेळा बांधून घेणं आणि रोजचं खाणं बेतानं कमी करणं यांची तुलना करणाऱ्या बहुतेक अभ्यासांत वजनातली घट जवळपास सारखीच आढळली. जी पद्धत वर्षभर निभेल, ती आपली. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या सुरू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि उपवासाचं म्हणाल, तर ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण उगाच पडलेली नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, वर शेंगदाण्याचं कूट आणि तूप.

गैरसमज : काटा ठीक दाखवतो, म्हणजे सगळं ठीक.

वस्तुस्थिती : पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचं माप, 22.3. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2 टक्के. आपल्याकडे हातपाय बारीक आणि चरबी पोटात, असं फार दिसतं. म्हणून भारतीयांसाठी बीएमआयची मर्यादा 25 ऐवजी 23 धरतात आणि कंबर पुरुषांत 90, बायकांत 80 सेंटिमीटरच्या आत असावी म्हणतात. काट्याशेजारी शिंप्याची टेपही ठेवा.

तेव्हा जानेवारीत ठरवत असाल, तर मुदत आषाढीची द्या. वहीत किलो एकदाच लिहा आणि रोज आपल्या हातातल्या गोष्टी मांडा : किती मिनिटं चाललो, बाहेरचं किती वेळा खाल्लं. आषाढीला टेप लावा, आणि मग खिचडी खुशाल खा. एक वाटी.