करडईच्या पाकळ्यांचा लेप : उपयोग आणि सावधगिरी

परभणी जिल्ह्याच्या काळ्या जमिनीत रब्बी हंगामात घेतली जाणारी करडई पौष-माघात फुलावर येते. बोंडातून पिवळ्या पाकळ्या बाहेर पडतात आणि कोमेजू लागताच त्या केशरी-तांबड्या होतात. शेतकरी पुढे बी मळून तेल काढतो. पाकळ्या मात्र वाऱ्यावर उडून जातात. या वाया जाणाऱ्या पाकळ्यांचा चेहऱ्यावर लावावयाचा लेप करता येतो. तो कसा करावा आणि कोणी टाळावा, हे गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी व शेतकरी भगिनींनी नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

ही कल्पना नवी नाही. संस्कृतात करडईला कुसुंभ म्हणतात आणि आपला कुसुंबी रंग याच फुलाचा. जपानमधील यामागाता प्रांतात या पाकळ्यांपासून ओठांना लावावयाचा लाल रंग पूर्वापार तयार होत आला आहे. पाकळीत दोन रंग असतात. पिवळा रंग पाण्यात सहज उतरतो. लाल रंग पाण्यात विरघळत नाही. तो सोड्यासारख्या क्षारात उतरतो आणि लिंबासारख्या आंबट द्रवाने पुन्हा वेगळा होतो. हा लाल रंग पाकळीच्या वजनाच्या एक टक्क्याच्याही आत असतो. म्हणूनच तो मौल्यवान मानला गेला.

पाकळ्या केव्हा वेचाव्यात, याला महत्त्व आहे. ताज्या पिवळ्या फुलाला हात लावू नये. फलधारणा होऊन पाकळ्या तांबूस व मलूल झाल्या म्हणजे त्या वेचाव्यात. त्यामुळे बियांचे उत्पन्न घटत नाही. वेचणी पहाटे करावी, कारण दवाने काटे मऊ पडलेले असतात. तरीही हातांस जाड कापड गुंडाळावे. परभणीच्या कृषी विद्यापीठाने विकसित केलेला पीबीएनएस-40 हा बिनकाट्याचा वाण या कामास सोयीचा आहे. वेचलेल्या पाकळ्या सावलीत, स्वच्छ कापडावर, पातळ पसरून वाळवाव्यात आणि कोरड्या बरणीत झाकून ठेवाव्यात. ओल राहिल्यास बुरशी येते. अशा पाकळ्या फेकून द्याव्यात.

लेपाची कृती सोपी आहे. वाळलेल्या पाकळ्यांची बारीक पूड एक चमचा व हरभऱ्याचे किंवा मसुरीचे पीठ दोन चमचे घ्यावे. त्यात कालवण्यापुरते दूध किंवा पाणी घालावे. डोळे व ओठ सोडून पातळ थर द्यावा आणि दहा मिनिटांनी, तो पूर्ण वाळून ताणण्यापूर्वीच, गार पाण्याने धुवावा. पिठाने धूळ व तेलकटपणा निघतो आणि त्वचेस थंडावा वाटतो. पिवळा रंग काही वेळ अंगावर दिसतो व कपड्यांसही लागतो. मात्र या लेपाने वर्ण उजळतो, डाग जातात, असे कोणी सांगितल्यास त्यावर विश्वास ठेवू नये.

आता सावधगिरीच्या दोन गोष्टी. पहिली फवारणीची. करडईवर मावा ही मुख्य कीड आहे व तिच्यासाठी कीटकनाशक फवारले जाते. फवारलेल्या शेतातील पाकळ्या चेहऱ्याला लावणे म्हणजे विषाशी खेळ होय. पाकळ्या वेचावयाच्या असतील, तर शेताचा एक तुकडा आधीच राखून तेथे फवारणी टाळावी व शेजारच्या फवाऱ्याचे तुषारही तेथे येऊ देऊ नयेत. फवारलेल्या पाकळ्या धुऊन घेतल्या म्हणजे भागले, असे समजू नये.

दुसरी गोष्ट अंगाच्या प्रकृतीची. करडई ही सूर्यफूल, शेवंती व झेंडू यांच्या कुळातील आहे. 1955 च्या सुमारास पुण्यात प्रथम आढळलेले आणि आज बांधाबांधावर माजलेले गाजरगवतही याच कुळातील. गाजरगवत उपटताना ज्यांच्या चेहऱ्यावर, मानेवर किंवा हातांवर खाज व चट्टे उठतात, त्यांना या कुळातील इतर वनस्पतींचाही त्रास होऊ शकतो. अशा व्यक्तींनी हा लेप मुळीच लावू नये. इतरांनीही प्रथम कोपराच्या आतील बाजूस थोडा लेप दहा मिनिटे लावून धुवावा आणि दोन दिवस वाट पाहावी. लाली, खाज वा पुरळ दिसल्यास प्रयोग तेथेच थांबवावा. त्रास वाढल्यास डॉक्टरांकडे जावे. जखमेवर, पुरळावर किंवा लहान मुलांच्या अंगावर लेप लावू नये.

मराठवाड्यात करडईचे क्षेत्र घटत आले आहे. काढणीच्या वेळी काट्यांमुळे मजूर मिळत नाहीत, हे त्याचे एक कारण आहे. अशा स्थितीत बियांखेरीज पाकळ्यांचेही चार पैसे हाती आले तर पीक टिकण्यास आधारच होईल. पण पुडी बांधून लेप विकावयाचा असेल, तर सौंदर्यप्रसाधने नियम, 2020 प्रमाणे परवाना लागतो. महिला बचत गटांनी याची चौकशी अन्न व औषध प्रशासनाकडे आधी करावी व मगच भांडवल घालावे.

घरापुरता प्रयोग मात्र कोणासही करता येईल. पाकळी बिनफवारणीची असावी, पूड कोरडी असावी आणि चेहऱ्याआधी कोपराची परीक्षा व्हावी. या तीन गोष्टी प्रत्येक गावातील महिला मंडळापर्यंत पोहोचविणे हे कार्यकर्त्यांचे पहिले काम होय.