पोर्तोचा चढ आणि मोळीवाल्या बाया

आज आपण घरबसल्या एका लांबच्या शहराची सैर करू. शहराचं नाव पोर्तो, देश पोर्तुगाल. हा देश आपल्याला अगदीच अनोळखी नाही. १९६१ सालापर्यंत गोव्यावर त्याचंच राज्य होतं. पाव, चावी, पगार हे आपले रोजचे शब्द त्यांच्याच भाषेतून आले.

पोर्तो वसलंय दोरू नदीच्या काठावर. तिथून थोडं पुढे गेलं की नदी समुद्राला मिळते. काठ सपाट नाही, उभा चढ आहे. त्यामुळे खालून बघितलं तर घरावर घर रचून ठेवल्यासारखं दिसतं. या जुन्या वस्तीला १९९६ साली जागतिक वारशाचा मान मिळाला.

सुरुवात नदीकाठच्या रिबेरा भागातून करू. इथे भिंतीवर एक धातूचं चित्र आहे आणि त्याच्यापुढे लोक मेणबत्त्या लावतात. २९ मार्च १८०९ ला नेपोलियनची फौज शहरात शिरली. जीव वाचवायला लोक पलीकडे पळाले. तेव्हा पूल होता होड्या एकमेकींना जोडून केलेला. गर्दीच्या भाराने तो तुटला आणि कितीतरी माणसं बुडाली. त्यांची ही आठवण.

आता जवळच दोम लुईस नावाचा लोखंडी पूल आहे, १८८६ सालचा. त्याची कमान १७२ मीटर रुंद आहे. पूल दुमजली आहे. वरच्या मजल्यावरून मेट्रो जाते आणि बाजूने माणसं चालतात. तसंच चालत पलीकडे गेलं की टेकडीवर सेरा दो पिलार हा मठ लागतो. सगळं शहर बघायचं तर इथूनच. खाली नदी, समोर लाल कौलांची उतरंड, आणि त्यातून वर आलेला क्लेरिगोस चर्चचा मनोरा. तो ७५ मीटर उंच आहे. दोनशेहून जास्त पायऱ्या चढून त्याच्या माथ्यावरही जाता येतं.

परत अलीकडे येऊन साओ बेंतो रेल्वे स्टेशन बघू. आतल्या भिंतींवर सुमारे २०,००० निळ्या-पांढऱ्या फरशांची चित्रं आहेत. त्यात राजे आणि लढाया आहेत, तशी द्राक्षांची तोडणीही आहे.

शेवटचं ठिकाण फोंताईन्यास. नदी आणि पूल इथूनही छान दिसतात. पण आम्हाला तुम्हाला इथे आणायचं होतं ते दुसऱ्याच कारणासाठी. इथून एक अरुंद, अतिशय खडी वाट नदीवर उतरते. पूर्वी भट्ट्या आणि चुली पेटवायला कार्केजा नावाचं रानझुडूप लागायचं. ते होड्यांतून नदीकाठी यायचं. तिथून मोळ्या पाठीवर घेऊन बाया ही वाट चढायच्या. एकेक मोळी चाळीस-पन्नास किलोची. वर आल्यावरही सुटका नव्हती, मग गावभर घरोघर, भट्टीभट्टीला ती पोचवायची. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे काम चाललं. या बायांना म्हणत कार्केजेरा.

शहराचा पाव त्यांच्या मोळीवर भाजला गेला, पण त्यांचं नाव कुठेच नव्हतं. राजांचे पुतळे झाले, सरदारांचे झाले. पुढे लोकांनीच आठवण काढली आणि २०२० साली त्या चढाच्या माथ्यावर एक पुतळा उभा राहिला. मोळीखाली वाकलेली एक बाई. त्या वाटेलाही आता त्यांचंच नाव आहे.

मैत्रिणींनो, देखावा बघायला चढणं वेगळं आणि पोटासाठी चढणं वेगळं. डोक्यावर मोळी आणि कमरेवर हंडा घेऊन चढ चढलेल्या बाया आपल्याही गावात आहेत. पुढच्या बैठकीला त्यांच्यातल्या एका आजीला बोलवा. कुठली वाट, किती ओझं, दिवसाच्या किती खेपा, सगळं विचारा आणि गटाच्या वहीत तिच्या नावासकट लिहून ठेवा.